एक्केचाळीस जण सापडत नाहीत

नोकरीच्या अर्जात ओळख म्हणून मी ज्यांचं नाव दिलं होतं, ते माझे साताऱ्याच्या कॉलेजातले सर वारले आहेत, हे मला झाशीत कळलं. सांगणारे गृहस्थ टेबलापलीकडे बसले होते आणि त्यांच्यापुढे एक पोस्टकार्ड होतं.

"चार वर्षं झाली म्हणे. त्यांच्या मुलानं उत्तर पाठवलंय," ते म्हणाले. "तुमचा संदर्भ लोंबता आहे, वहिनी. आता दुसरं नाव द्या. हयात असलेलं."

मला रडू कोसळलं. सरांनीच मला कॉम्प्युटरला हात लावायला शिकवलं होतं आणि मी लग्नानंतर त्यांना एक फोनही केला नव्हता. त्या गृहस्थांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. माझे डोळे पुसून झाल्यावर अगदी सौम्य आवाजात त्यांनी विचारलं, "आठवलं का नाव?"

अर्जातल्या संदर्भाला खरोखर पत्र घालणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही पाहिला नाही. माझे यजमान फौजेत, तेव्हा बदली झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत. क्वार्टरमध्ये दिवसभर भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं म्हणून मी झाशीतल्या एका खाजगी रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात अर्ज केला होता. विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, दोन मशीनं, एक पंखा आणि हे गृहस्थ. रुग्णालयात सगळे त्यांना पंडितजी म्हणत. त्यांचे पूर्वज पेशवाईत पूजाअर्चा करायला इकडे आले आणि इकडचेच झाले. पंडितजींनी स्वतः आयुष्यात कधी घंटा हलवली नव्हती, पण लोकांना त्याचं काय! नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

त्यांचं मराठी ऐकून मला पहिले आठ दिवस हसू यायचं. माझ्या आजेसासूबाई वापरायच्या ते शब्द ते कॉम्प्युटरला वापरायचे. रुग्णांच्या नोंदी जिथे राहतात ते 'फडताळ'. रिपोर्टांचं दुसरं फडताळ. मध्येच गाडी हिंदीत शिरायची: "वहिनी, ते वरचं फडताळ जरा देखून घ्या, काल काउंटरवाल्या भैयांनी काही गडबड केली असेल." माउस त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवला होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि दोन बोटं, एवढ्यावर त्यांचा कारभार चाले. काळ्या पडद्याच्या जगात एखादं काम बिनतक्रार पार पडलं की मशीन शून्य हा आकडा परत देतं, आणि काही बिघडलं की एक, दोन असं काहीतरी. ही रीत त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की कोणी "कैसे हैं पंडितजी?" विचारलं की ते प्रसन्नपणे म्हणायचे, "शून्य." काउंटरवरची मुलगी बिचारी त्यांना फार दुःखी समजायची आणि दर मंगळवारी आठवणीने प्रसाद आणून द्यायची.

संदर्भ तपासणं हा त्यांचा धंदा नव्हता, स्वभाव होता. लग्नाची पत्रिका आली की आदल्या दिवशी जाऊन कार्यालय जागेवर आहे ना, हे बघून यायचे. "छापलंय म्हणजे आहे, असं नसतं," हे त्यांचं म्हणणं. एकदा आमच्या मॅनेजरसाहेबांनी गप्पांच्या ओघात सांगितलं की आपले मेहुणे रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. पुढच्या आठवड्यात पंडितजी कशाला तरी स्टेशनकडे गेले होते, तिथल्या कचेरीत चौकशी करून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आपके साले साहब मिले नहीं. वहाँ इस नाम का कोई नहीं है." त्यात खवचटपणा मुळीच नव्हता. मेहुण्यांची त्यांना काळजी वाटली होती. मॅनेजरसाहेबांनी मात्र ते शेवटपर्यंत मनात ठेवलं.

अशा माणसाच्या हाती नशिबाने कॉम्प्युटरचं नेमकं कसलं काम यावं? जुन्या पद्धतीच्या डेटाबेसमध्ये एक शिस्त असते. रुग्णाच्या नावावर रिपोर्ट असेल, तर ती रुग्णाची नोंद पुसूच देत नाही, आधी रिपोर्टचं काय ते बघा म्हणते. आमच्याकडे मॅनेजरसाहेबांनी हौसेने नवीन पद्धतीचा डेटाबेस आणवला होता. त्यात प्रत्येक नोंद म्हणजे सुटा कागद. रिपोर्टच्या कागदावर रुग्णाचा क्रमांक लिहिलेला असतो खरा, पण त्या क्रमांकाचा रुग्ण शेजारच्या फडताळात आहे की नाही, हे फडताळ बघत नाही. कोणीही यावं, एक कागद फेकून द्यावा. त्याच्याकडे बोट दाखवणारे बाकीचे कागद तसेच बोट दाखवत उभे राहतात. पंडितजी त्याला लोंबता संदर्भ म्हणत. ह्या नव्या पद्धतीला ते मनापासून नावं ठेवत, पण मला वाटतं, आतून खूश असावेत. ती आली नसती तर त्यांना आयुष्यात करण्यासारखं काही राहिलं नसतं.

तर त्यांनी एक साधन लिहिलं होतं. त्याचं नाव 'पडताळा'. काळ्या पडद्यावर हा एक शब्द लिहून एंटर दाबायचं. मग ते सगळी फडताळं उपसून, कोणता कागद कोणाकडे बोट दाखवतोय आणि तिथे खरंच कोणी आहे का, ते बघायचं, आणि जे नसेल ते एकेका ओळीत सांगायचं: 'रिपोर्ट क्रमांक अमुक. रुग्ण सापडत नाही.' मदत मागितली तर पडद्यावर तीन वाक्यं येत: 'हे बघते. काय सापडत नाही ते सांगते. दुरुस्त करत नाही.'

तिसऱ्या वाक्यावरून सगळी भांडणं.

"अहो, पण एक सोय ठेवली तर काय बिघडलं?" मी म्हणायची. "सापडत नसेल तर तो रिपोर्ट पुसून टाकायचा. सगळीकडे अशी सोय असते."

"सापडत नाही आणि नाही, ह्यात फरक आहे, वहिनी."

"रुग्णच नाही तर रिपोर्ट ठेवून करायचं काय?"

"रुग्ण नाही कसा? रक्त कोणाचं काढलं मग?"

वाद तिथेच टाकून ते पडताळ्याची यादी कागदावर छापून घेत, टाचणीने भिंतीला लावत आणि दर शनिवारी दुपारी त्यातले वरचे दोन क्रमांक घेऊन सायकलवर बाहेर पडत. लॅबच्या कागदी वहीत त्या क्रमांकापुढे नाव आणि मोहल्ला सापडायचा. तेवढ्यावर ते माणूस शोधायला जायचे. मानिक चौकाच्या गल्ल्यांत म्हणे दुकानदार त्यांना वसुलीवाला समजून शटर ओढून घ्यायचे. एकदा तीन हेलपाटे घालून त्यांनी एका आजीबाईंना गाठलं आणि त्यांची साखर ठीक असल्याचा आठ महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट हाती दिला. आजीबाई म्हणाल्या, "सो तो हमें पता हती." पंडितजींनी परत येऊन आनंदाने त्या ओळीवर काट मारली.

दोनच का, आणि वरचेच का, ह्याला उत्तर नव्हतं. "क्रम आहे," एवढंच. आत रिपोर्ट कसला आहे, ते कधी बघत नसत. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, तसा दुसऱ्याचा रिपोर्ट वाचू नये, अशी त्यांची शिकवण. पडताळ्यालाही त्यांनी तीच लावली होती. क्रमांक बघायचा, मजकूर बघायचा नाही.

मला हे थोर वाटायचं असं कोणी समजू नये. मला ते पोरकट वाटायचं. बबीन्याहून रोज बसने धक्के खात येऊन मी भिंतीवरची यादी बघायची आणि माझं डोकं फिरायचं. तीन ओळींत होणारं काम हा माणूस सायकलवरून करतो!

मग रुग्णालयाची तपासणी ठरली. बाहेरून माणसं येणार, सगळं बघणार, आणि पास केलं तर दारावर प्रमाणपत्राची पाटी लागणार. मॅनेजरसाहेब जिन्याखाली आले. भिंतीवर तेव्हा एक्केचाळीस ओळी होत्या.

"पंडितजी, ये इकतालीस ज़ीरो कब होंगे?"

"जब इकतालीस लोग मिल जाएँगे, साहब."

"इंस्पेक्शन सोमवार को है."

"तब तक दो मिल जाएँगे."

मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. गुरुवारी दुपारी पंडितजी जेवायला गेल्यावर मी पडताळ्याला 'साफ' नावाची सोय जोडली आणि चालवली. चहा थंड व्हायच्या आत काम फत्ते. मॅनेजरसाहेबांनी अर्धा किलो पेढे पाठवले. एक मी खाल्ला, आणि चांगला लागला, हेही कबूल करते.

पंडितजी आले, हात पुसले, पडताळा चालवला. पडद्यावर एक वाक्य आलं, जे त्यांनी स्वतःच कधीकाळी लिहून ठेवलं होतं पण कधी बघितलं नव्हतं: 'सगळं जागेवर आहे.' ते मग माझ्याकडे वळले.

"एक्केचाळीस जण एका दुपारी सापडले?"

"पुसले," मी म्हटलं. "सोमवारी तपासणी आहे, पंडितजी. कोणीतरी करायलाच हवं होतं."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर मीही चार गोष्टी ऐकवल्या असत्या, तयारीच होती. ते फक्त म्हणाले, "सकाळची प्रत कपाटात आहे. परत आणून ठेवा." रोज सकाळी चहाच्या आधी सगळ्या फडताळांची एक प्रत करून ठेवायची त्यांची सवय होती. एवढं बोलून ते पेढ्याच्या खोक्याकडे न बघता स्टुलावर जाऊन बसले.

मी चडफडत एक्केचाळीस रिपोर्ट परत आणले. आणि नीट आले की नाही ते बघायला, थोडं रागानेही, एकेक उघडून वाचायला लागले. बघू तरी, कशासाठी एवढं अडलंय ह्यांचं! साखर. साखर. थायरॉइड. लघवी. साखर. मी मनातल्या मनात त्यांना टोमणे मारत होते. चौतिसावा उघडला.

तो छातीतल्या गाठीच्या तपासणीचा होता. एक बाई, वय अडतीस. खाली लॅबच्या डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं की ही गाठ कर्करोगाची आहे, ताबडतोब सर्जनला भेटा. रिपोर्टला साडेतीन महिने झाले होते. रिपोर्ट तयार झाला की रुग्णाला मेसेज आपोआप जातो, पण मेसेज जायला नंबर लागतो, नंबर रुग्णाच्या नोंदीत असतो, आणि नोंद पुसलेली. तपासणारे सर्जन बाहेरगावचे, पंधरा दिवसांतून एकदा येणारे. बाई परत आल्या नाहीत, तर दुसरीकडे गेल्या असतील, असं त्यांनी धरून चालणं साहजिक होतं.

मी वाचून दाखवलं. पंडितजी स्टुलावरून उठले आणि भिंतीजवळ जाऊन यादीतली ती ओळ त्यांनी बोटाने शोधली. चौतिसावी. आठवड्याला दोन. त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजलं आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"वाचायला हवं होतं," ते म्हणाले.

मी तर तासाभरापूर्वी तिला पुसून वर पेढा खाल्ला होता. आमच्या दोघांत कोणाचा अपराध मोठा, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. त्यांच्या क्रमाने गेलो असतो तर ती आणखी चार महिन्यांनी सापडली असती. माझ्या पद्धतीने गेलो असतो तर कधीच नाही.

कागदी वहीत त्या क्रमांकापुढे होतं: उषा, खंडेराव गेट, सोबत भाऊ. आडनाव मराठी. पंडितजींनी कधी नव्हे ते सायकल ठेवली आणि ई-रिक्षा थांबवली. खंडेराव गेटापाशी भावाचं घर सापडलं, पण त्याला कुलूप. शेजारची बाई गहू निवडत बसली होती.

"भैयाजी की तो बदली हो गई पूना, तीन महीना हो गए," ती म्हणाली. "ऊषा बिन्नू? वे तो लक्ष्मी ताल की तरफ ब्याही हैं. पंद्रह बरस हो गए. ब्याह में हमने ही पूड़ियाँ बेली थीं."

घर कोणतं ते तिला माहीत नव्हतं. सासरही मराठीच आहे, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. पुन्हा ई-रिक्षा. वाटभर मी मनात एकच जप चालवला होता, की बाई आपल्या पायावर चालत दार उघडायला येऊ दे. तलावाकाठच्या देवळाच्या अलीकडच्या गल्लीत एका वाण्याने मराठ्यांचं घर दाखवलं. दारावर गणपतीची फरशी, जिन्याशी तुळस.

दार एका सत्तरीच्या बाईंनी उघडलं. नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, पण मान मात्र सरदारघराण्याची. पंडितजींनी आधी हात जोडले, मग नाव सांगितलं, मग विचारलं, "उषाताई इथेच राहतात ना?"

"इथे उषा कोणी नाही," बाई म्हणाल्या. "आम्ही दोघं म्हातारी, मुलगा, सून आणि नातू. सुनेचं नाव मृणालिनी. घर चुकलं तुमचं."

दुसरं कोणीही माफी मागून परत फिरलं असतं. मी वळलेही होते. पण 'नाही' हे उत्तर पंडितजींनी उभ्या जन्मात पहिल्या खेपेला मान्य केलेलं नव्हतं. त्यांनी मान थोडी आत घातली आणि त्या खोलीत घुमेल अशा आवाजात, गल्लीत पोरीला हाक मारावी तशी हाक मारली:

"उषा! ए उषा!"

आत भांड्याचा आवाज थांबला. मग पावलं ऐकू आली, जवळजवळ धावत आलेली. ओला हात पदराला पुसत एक बाई दाराशी आली. चेहरा नुसता फुलला होता.

"कोण? दादा आला का?"

लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहितात, आणि त्या दिवसापासून मुलगी सासरी त्या नावाची होते. पंधरा वर्षांत ह्या घरात तिला कोणी उषा म्हटलं नव्हतं. दिवाळीत माहेरी गेली असताना गाठ हाताला लागली, भावाने लॅबमध्ये नेलं आणि आपल्या बहिणीचं नाव सांगितलं. दोन दिवसांनी नवरा दुसऱ्याच कशासाठी तिला घेऊन आला आणि त्याने आपल्या बायकोचं नाव सांगितलं. मोबाइल नंबर दोन्हीकडे नवऱ्याचाच, जन्मतारीख एक. काउंटरवरच्या कोणीतरी एकाच बाईच्या दोन नोंदी कशाला, म्हणून पहिली पुसली. पुसणाऱ्याचं बरोबरच होतं की, बाई एकच होती. आणि घरी सगळे म्हणत राहिले, काही असतं तर त्यांनी कळवलं नसतं का!

पण हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी ती दारात उभी होती आणि आमच्या मागे जिन्यावर भावाला शोधत होती. मी पंडितजींकडे पाहिलं. हा माणूस लग्नपत्रिकेवरचा पत्ता तपासायचा, मॅनेजरचा मेहुणा तपासायचा, नसलेल्याला आहे म्हणणं त्याच्या जिभेला ठाऊक नव्हतं.

"दादा नाही," ते म्हणाले, आणि अडखळले. "पण माहेरूनच आलोय, असं समज."

ते तिला 'तू' म्हणाले. त्यांनी मलाही कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

पुढचं सांगून टाकते. ग्वाल्हेरला ऑपरेशन झालं, नंतर औषधं झाली, केस गेले, परत आले. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं. ती बरी आहे. सोमवारी तपासणीला आलेल्या मंडळींनी आग विझवायची सिलिंडरं मोजली, कचोरी खाल्ली आणि कॉम्प्युटर विभागात डोकावलेसुद्धा नाहीत. पाटी लागली. 'साफ' मी काढून टाकलं. पंडितजींनी पडताळ्याला एक नवी सोय दिली, ती रिपोर्टवर तातडीचा शेरा असेल तर ती ओळ सगळ्यात वर आणते. शनिवारी आम्ही दोघं जाऊ लागलो, तेही आमची बदली होईपर्यंत.

पण त्या दुपारी हे काहीच माहीत नव्हतं. आम्हाला आत बसवलं. पाणी आलं. पंडितजी दोन ग्लास पाणी प्यायले आणि जमिनीकडे बघत राहिले, तेव्हा सांगण्याचं काम माझ्यावर आलं हे मला कळलं. मी रिपोर्ट पुढे केला आणि जमेल तितक्या सरळ शब्दांत सांगितलं. बाई उभीच होती. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तुमचा चहा राहिला," आणि स्वयंपाकघराकडे वळली, पण उंबऱ्याशी तिला पुढे जाता येईना. चौकटीला धरून ती तशीच थांबली.

सासूबाई इतका वेळ पाटावर ताठ बसून होत्या. त्या उठल्या, सुनेपाशी गेल्या, तिचा हात चौकटीवरून सोडवला आणि तिला आपल्या पाटाकडे आणलं.

"बस इथे तू, उषा," त्या म्हणाल्या. "चहा मी टाकते."